सांगली-मिरजेत लहान न्यास उभा करताना: विज्ञान, कारागिरी आणि कला यांना मदत कशी करावी

निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, विकलेल्या जमिनीच्या पैशातील काही वाटा किंवा आईवडिलांच्या नावे मुलांनी बाजूला काढून ठेवलेला पैसा एखाद्या चांगल्या कामासाठी कायमचा लागावा, असे वाटणारी कुटुंबे सांगली, मिरज, तासगाव, विटा, पलूस या भागात बरीच आहेत. यांपैकी बहुतेकांचा पैसा देवस्थान, शाळेची खोली किंवा रुग्णालयातील खाट यांच्याकडे वळतो, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्यांना विज्ञान, हातची कारागिरी आणि कला या तिन्हींना हातभार लावावा असे वाटते, त्यांना सुरुवात कोठून करावी हे सांगणारे कोणी सहसा भेटत नाही. अशा नवख्या दात्यांसाठी आणि त्यांच्यासोबत विश्वस्त म्हणून बसणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. त्यातील मुख्य आग्रह सुरुवातीलाच सांगतो: न्यासाचा पैसा सत्कारावर खर्च न होता काम करणाऱ्याच्या वेळेवर आणि सामानावर खर्च व्हावा, आणि पुढची प्रत्येक पायरी या दृष्टीने आखावी.

पायरी १: व्यक्तीने मदत करावी की न्यासाने, हे आधी ठरवावे

दरमहा एखाद्या कलावंताला किंवा विद्यार्थ्याला स्वतःच्या खिशातून मदत करणे सोपे असते, त्यासाठी कोणत्याही कार्यालयात जावे लागत नाही. तरीही सांगलीचाच इतिहास पाहिला तर या मार्गाची मर्यादा स्पष्ट दिसते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, ते संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनामुळे आणि खर्चामुळे. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि दरबारचा तो आधार तुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमीला त्यातून व्यावसायिक वाट सापडली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आश्रयदात्याबरोबर आश्रयही संपतो, हे त्यातून विसरता येत नाही. दात्याच्या पश्चात पाच-दहा वर्षे तरी काम चालू राहावे असे वाटत असेल तर न्यास करावा. दोन-तीन वर्षांपुरतीच मदत करायची असेल तर नवा न्यास काढू नये. त्याऐवजी आधीपासून चालू असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेला, विशिष्ट कामासाठी म्हणून लेखी अट घालून देणगी द्यावी. ही दुसरी वाट कमी प्रतिष्ठेची मानली जाते, पण पुष्कळ वेळा तीच शहाणपणाची असते, कारण लहान न्यासाचा बराचसा जोर कागदपत्रांतच खर्ची पडतो.

पायरी २: उद्दिष्टांचे कलम स्वतः लिहावे

न्यासपत्राचा तयार नमुना वकिलाकडून मिळतो आणि त्यातील उद्दिष्टांच्या यादीत बालवाडीपासून गोशाळेपर्यंत सगळे असते. ती यादी तशीच स्वीकारू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या ९व्या कलमात धर्मादाय प्रयोजन म्हणजे काय ते सांगितले आहे: दारिद्र्य किंवा विपत्ती यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, लोकहिताच्या दृष्टीने मनोरंजन व फुरसतीच्या सोयी, आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे इतर कोणतेही उद्दिष्ट. विज्ञान आणि कारागिरी यांना ‘शिक्षण’ आणि ‘लोकोपयोग’ या दोन्ही दारांतून प्रवेश मिळतो. म्हणून उद्दिष्ट लिहिताना ‘कलेला उत्तेजन देणे’ एवढ्यावर थांबू नये. ‘सांगली जिल्ह्यातील वाद्यनिर्मिती व अन्य पारंपरिक कारागिरीचे प्रशिक्षण देणे, त्या कारागिरीचा शास्त्रीय अभ्यास व नोंद करणे, आणि त्यासाठी विद्यावेतन, साहित्य व अवजारे पुरवणे’ असे नेमके लिहावे. पुढे निधी कशावर खर्च करता येतो आणि कशावर येत नाही, असा वाद उद्भवला की हेच वाक्य कामाला येते.

येथे एक धोक्याची जागा आहे. मिरजेतील सतारी-तंबोऱ्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या घराण्यांत चालत आले आहे आणि ती घराणी बहुतांशी एकाच समाजातील आहेत. दाता आपुलकीने ‘या समाजातील कारागिरांसाठी’ असे लिहून जातो. आयकर कायद्याप्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी स्थापलेल्या धर्मादाय न्यासाची करसवलत जाते. त्यामुळे लाभार्थी ठरवताना व्यवसायाचे नाव लिहावे, समाजाचे लिहू नये. तसेच संस्थापक, विश्वस्त आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना न्यासाच्या पैशाचा लाभ मिळणार नाही, हे न्यासपत्रातच नमूद करावे. कायद्याचे बंधन तर आहेच. शिवाय पुढे भाच्याचा अर्ज आला की नाही म्हणण्याची वेळ कोणावर येत नाही.

पायरी ३: मूळ निधी आणि वर्षाचा खर्च यांचे गणित मांडावे

समजा, कुटुंबाने ४० लाख रुपयांचा मूळ निधी बाजूला काढला आणि बँकेतील मुदत ठेवीवर सरासरी ७ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला २,८०,००० रुपये हाती येतात. आयकरातील सवलत टिकवण्यासाठी उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च झाला पाहिजे, म्हणजे २,३८,००० रुपये. यात एका शिकाऊ कारागिराला दरमहा ६,००० प्रमाणे वर्षाचे ७२,०००, त्याला शिकवणाऱ्या उस्तादांना दरमहा ३,००० प्रमाणे ३६,००० आणि सामानासाठी ३०,००० रुपये देता येतील. विज्ञानाच्या एका अभ्यासाला ६०,००० आणि एका नाट्य किंवा संगीत प्रकल्पाला ४०,००० रुपये देता येतील. बेरीज बरोबर २,३८,००० होते. उरलेल्या ४२,००० रुपयांत लेखापरीक्षण, प्रवास, टपाल भागवून थोडी शिल्लक ठेवावी. व्याजदर उतरले की हे गणित लगेच आवळते. म्हणून पहिल्या वर्षी एकाच वेळी दहा जणांना थोडे थोडे वाटण्यापेक्षा तीन जणांना पुरेसे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच हजार रुपयांत कारागिराचा महिना निघत नाही, संशोधकाचे उपकरण दुरुस्त होत नाही आणि नाटकाच्या तालमीला जागाही मिळत नाही.

मोठ्या उपकरणासारख्या कामासाठी रक्कम साठवायची असेल तर त्यासाठी सोय आहे: हेतू लेखी नोंदवून आणि मुदतीत कळवून उत्पन्न पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. मूळ निधीत भर म्हणून कोणी देणगी देत असेल तर ‘ही रक्कम मूळ निधीसाठी’ असे देणगीदाराकडून लेखी घ्यावे, अन्यथा ती वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते.

पायरी ४: नोंदणी

महाराष्ट्रात तीन वाटा आहेत. पहिली, सार्वजनिक न्यास, ज्याला किमान दोन विश्वस्त लागतात. दुसरी, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था, जिला किमान सात सभासद लागतात आणि जिला आपल्या राज्यात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. तिसरी, कंपनी कायदा, २०१३ याच्या ८व्या कलमाखालील कंपनी. कुटुंबाच्या निधीसाठी पहिली वाट पुरेशी असते. तरीही विश्वस्त दोनच न ठेवता पाच ठेवावेत आणि त्यांत कुटुंबाबाहेरचे किमान दोन असावेत: एक हिशेब कळणारा आणि एक ज्या क्षेत्राला मदत करायची त्यातला.

न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतील सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात अनुसूची २ मधील अर्ज दाखल करावा लागतो. सोबत न्यासपत्र, विश्वस्तांची संमतीपत्रे व ओळखपत्रे, न्यासाच्या पत्त्याचा पुरावा आणि जागा दुसऱ्याची असल्यास त्याचे ना-हरकत पत्र जोडावे. चौकशीची तारीख मिळेल त्या दिवशी विश्वस्तांपैकी माहीतगार व्यक्तीने स्वतः हजर राहावे. पुढे विश्वस्त बदलला, पत्ता बदलला किंवा मालमत्तेत फरक पडला तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षे बदल अर्ज न दिल्यामुळे कागदोपत्री दिवंगत विश्वस्तच कारभार पाहत आहेत, असे न्यास आपल्याकडे कमी नाहीत. बँकेत सह्या अडतात तेव्हा हे लक्षात येते आणि तोवर लाभार्थ्याचे हप्ते थांबलेले असतात. न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी किंवा न्यासाच्या नावे कर्ज काढण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हेही विश्वस्तांनी पहिल्या सभेतच समजून घ्यावे.

यानंतर पॅन, बँक खाते, आणि आयकर खात्याकडील दोन नोंदण्या: एक न्यासाच्या उत्पन्नाला सवलत मिळण्यासाठी आणि दुसरी देणगीदाराला सवलत मिळण्यासाठी, जिला सगळे अजूनही ‘८०जी’च म्हणतात. नव्या न्यासाला आधी तात्पुरती नोंदणी मिळते आणि काम सुरू झाल्यावर नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या पुस्तिकेवरून अर्ज भरू नये. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेतली तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, म्हणून रोखीचा मोह टाळावा.

पायरी ५: तिन्ही क्षेत्रे एकत्र का, हे समजून घ्यावे

विज्ञान, कारागिरी आणि कला ही तीन वेगळी खाती आहेत, असे आपण धरून चालतो. मिरजेचा तंबोरा हातात घेतला की ही विभागणी टिकत नाही. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लहान पट्टी, सपाट असते, पण तिच्या माथ्याला अगदी सौम्य बाक दिलेला असतो. तार त्या बाकाला घासत कंप पावते आणि खाली सरकवलेल्या सुताच्या दोऱ्यामुळे तो स्पर्श नेमका जुळवता येतो. यालाच जवारी काढणे म्हणतात आणि तंबोऱ्याचा भरलेला, झंकारणारा नाद तिथून येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो याच घोडीविषयी होता. ज्या ठिकाणी तार छेडली असता ठरावीक उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) मुळीच ऐकू येऊ नयेत असे ध्वनिशास्त्राचा तत्कालीन नियम सांगत होता, तिथे छेडूनही तंबोऱ्यात आणि वीणेत ते उपस्वर ठळक ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीची घडण आहे, असे त्यांनी दाखवले. कारागिराने कानाने साधलेली गोष्ट गवयाच्या कामी येत होतीच. शास्त्रज्ञाने ती अभ्यासाचा विषय केली.

नवख्या विश्वस्ताने यापुढचा भाग अधिक ध्यानात ठेवावा. रामन सरकारी वित्त खात्यात नोकरीला होते आणि कामाच्या वेळेबाहेर कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्रयोग करत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकांच्या देणग्यांतून ती उभी केली होती. १९१७ मध्ये रामन कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक झाले, ते तारकनाथ पालित या वकिलाच्या देणगीतून निर्माण झालेल्या पदावर. एका देणगीने त्यांना प्रयोगशाळा दिली आणि दुसरीने दिवसाचा वेळ दिला. यांपैकी कोणत्याही दात्याने तंबोऱ्यावर निबंध लिहा असे सांगितले नव्हते. दात्याने काम नेमून देण्यापेक्षा काम करण्याजोगी स्थिती निर्माण करावी, हे यावरून दिसते.

फ्रान्समध्ये १९८७ साली स्थापन झालेले बेतांकूर शुलेर फाउंडेशन जीवशास्त्रातील संशोधन, कला आणि कारागिरी यांना एकाच छताखाली मदत करते. १९९९ पासून ते हस्तकारागिरीसाठी स्वतंत्र पुरस्कार देते. त्या पुरस्काराच्या नावातच हाताच्या बुद्धीचा गौरव आहे. आपला न्यास त्या फाउंडेशनच्या पासंगालाही पुरणार नाही, पण कारागिराला शास्त्रज्ञाच्या शेजारी बसवण्यासाठी मोठा निधी लागत नाही.

पायरी ६: कारागिरीला मदत करताना

मिरजेत वाद्यनिर्मितीची सुरुवात १९व्या शतकाच्या मध्यास झाली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी वाद्यांची दुरुस्ती करता करता सतार घडवायला घेतली, असे मानले जाते. पुढे अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई मिरजेत राहिल्यामुळे कारागिराला आपल्या वाद्याची परीक्षा घेणारा कान शेजारीच मिळाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाने नावाचे संरक्षण होते. मात्र कारागिराच्या मुलाने हा धंदा का करावा, या प्रश्नाचे उत्तर त्यातून आपोआप मिळत नाही. पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे, पण तिच्यातील १८ व्यवसायांच्या यादीत वाद्यनिर्मितीचा स्वतंत्र उल्लेख नाही. लहान न्यासाला जागा आहे ती इथे.

मदत ठरवण्याआधी विश्वस्तांनी कारखान्यात जाऊन काम पाहावे, आणि एका भेटीवर समाधान मानू नये. वाळलेला कडू भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो. तो हंगामी असतो, त्यामुळे हंगामात घेऊन साठवावा लागतो. तो कापून, तोंड भिजवून, आत काठ्यांचे टेकू देऊन हवा तसा ताणतात. त्याला गळा आणि दांडी जोडायची, वर तबली (भोपळ्याचे तोंड झाकणारी लाकडी फळी) बसवायची, कोरीव काम करायचे, लाखेचे पॉलिश द्यायचे, मग खुंट्या, घोडी आणि तारा. जवारी सगळ्यात शेवटी. यांतील प्रत्येक टप्प्याची पैशाची गरज वेगळ्या महिन्यात येते. पावसाळ्याच्या दमट हवेत पॉलिशचे काम नीट वाळत नाही, तेव्हा ‘३१ मार्चपूर्वी रक्कम खर्च करून प्रमाणपत्र द्या’ ही सरकारी सवय या कामाला लावली तर कारागीर कागद पूर्ण करतो आणि काम अर्धे ठेवतो.

पैसा कशासाठी द्यावा, याचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी शिकाऊला विद्यावेतन, कारण तो घरी चार पैसे नेऊ शकला नाही तर महिन्याभरात दुसऱ्या कामावर निघून जातो. त्यासोबत शिकवणाऱ्या उस्तादाला मानधन द्यावे आणि हे कधीही विसरू नये. उस्ताद शिकवत असतो तेव्हा त्याचे स्वतःचे काम थांबलेले असते. ‘परंपरा जपण्यासाठी’ त्याने फुकट शिकवावे, अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे. मग सामान: लाकूड आणि भोपळे घेऊन ठेवण्यासाठी एकरकमी मदत किंवा बिनव्याजी परतफेडीची रक्कम. यंत्रसामग्री सर्वांत शेवटी, आणि तीही कारागिराने स्वतः मागितली तरच. जवारी काढणारे हात मोजके आहेत आणि ती कला शेवटी येते, तेव्हा विद्यावेतन एका वर्षाचे न देता पहिल्याच ठरावात पुढील दोन वर्षांच्या नूतनीकरणाची तरतूद ठेवावी.

एक कायदेशीर सावधगिरी. न्यासाने स्वतः वाद्ये विकायला सुरुवात केली तर आयकराच्या दृष्टीने तो व्यापार ठरू शकतो. सर्वसाधारण लोकोपयोगाचे उद्दिष्ट असलेल्या न्यासाचे अशा व्यवहारातील उत्पन्न एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांच्या वर गेले की सवलत धोक्यात येते. विक्री कारागिराने किंवा त्यांच्या संघाने करावी, न्यासाने करू नये.

पायरी ७: विज्ञानाला आणि कलेला मदत करताना

आपल्या जिल्ह्यात विज्ञानासाठी मदत म्हटली की शाळेला दुर्बीण किंवा संगणक भेट देण्याची पद्धत आहे. उपकरण येते, उद्घाटन होते आणि वर्षभरात ते कपाटात जाते, कारण काच फुटल्यावर किंवा बॅटरी गेल्यावर दुरुस्तीसाठी कोणत्याही अंदाजपत्रकात पैसे नसतात. म्हणून नव्या उपकरणापेक्षा दुरुस्ती, रसायने, नमुने तपासण्याचे शुल्क आणि क्षेत्रभेटीचा प्रवासखर्च यांना आधी पैसे द्यावेत. सांगलीत १९१९ पासूनचे विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणचे विद्यार्थी आणि शिक्षक स्थानिक प्रश्न हाती घेऊ शकतात. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले आणि त्याच जिल्ह्यात जत, आटपाडीकडे पाण्याची टंचाई असते. गावपातळीवर पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवणे, भोपळ्याला लागणाऱ्या बुरशीचा अभ्यास, जुन्या आणि नव्या घोड्यांच्या नादाचे ध्वनिमुद्रण करून तुलना, असे विषय साठ हजारांत वर्षभर चालू शकतात. अटी दोनच असाव्यात: नोंदी खुल्या ठेवाव्यात आणि निष्कर्ष मराठीतही लिहावेत.

कलेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. प्रयोगाच्या दिवशी मदत करणारे पुष्कळ भेटतात; तालमीच्या काळात कोणी नसतो. नाट्यगृहाचे भाडे आणि मंडप यांसाठी प्रायोजक मिळतो, म्हणून न्यासाने तालमीची जागा, संहितेवरील काम, संगीताच्या विद्यार्थ्यासाठी वाद्य आणि गुरूकडे जाण्याचा प्रवास यांसाठी द्यावे. मिरजेच्या कारागिराकडून न्यासाने तंबोरा विकत घेऊन तो होतकरू विद्यार्थ्याला वापरायला दिला तर एकाच रकमेत दोघांचे काम होते.

पायरी ८: अर्ज, निवड आणि मंजुरीपत्र

अर्ज एका पानाचा आणि मराठीत असावा. काय करणार, किती महिने लागतील, कोणते सामान लागेल, पैसे कोणत्या महिन्यात लागतील आणि काम संपल्यावर काय उरेल, एवढे पाच प्रश्न पुरे. कारागिराला लिहिणे जमत नसेल तर समितीच्या सदस्याने त्याच्याकडे बसून त्याचे म्हणणे लिहून घ्यावे आणि वाचून दाखवून सही घ्यावी. सुबक अर्ज करता येणे हे चांगल्या कामाचे लक्षण नव्हे. किंबहुना, उत्तम अर्ज लिहून देणाऱ्यांचा आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

निवड समिती तिघांची असावी आणि त्यातला एक जण न्यासाबाहेरचा असावा. ज्याचा अर्जदाराशी नात्याचा किंवा व्यवहाराचा संबंध असेल त्याने त्या अर्जापुरते बाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. नाकारलेल्या प्रत्येक अर्जदाराला कारणासह पत्र पाठवावे. दोन ओळी लिहिण्यास वेळ लागत नाही, आणि सांगली-मिरजेसारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या गावांत न्यासाची पत त्या दोन ओळींवर ठरते.

मंजुरीपत्रात एकूण रक्कम, हप्ते, प्रत्येक हप्त्याआधी काय पाहिले जाईल, विलंब झाला तर कोणाला कळवायचे आणि अर्ध्यावर काम थांबले तर काय, हे साध्या भाषेत लिहावे. कारागिरीसाठी पहिला हप्ता मोठा ठेवावा, कारण सामान आधी घ्यावे लागते. रक्कम खात्यातच जमा करावी. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रोख दिले तर तो खर्च आयकराच्या हिशेबात धरला जात नाही. भोपळे विकणारा शेतकरी पावती देत नाही, हा नेहमीचा पेच आहे. त्यासाठी न्यासाने छापील व्हाउचर द्यावे, त्यावर तारीख, नग, दर, विकणाऱ्याचे नाव-गाव आणि सही असावी. लेखापरीक्षकाला हे आधीच दाखवून त्याची संमती घ्यावी, म्हणजे वर्षाअखेरीस वाद होत नाही.

देखरेख म्हणजे तपासणी नव्हे. तीन महिन्यांतून एकदा जाऊन काम पाहावे, अडचण विचारावी, छायाचित्र घ्यावे. दर महिन्याला अहवाल मागितला तर शिकाऊचा एक दिवस त्यातच जातो. शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांचा समारंभ करायचाच असेल तर त्याचा खर्च विश्वस्तांनी स्वतः करावा, न्यासाच्या निधीतून करू नये.

पायरी ९: बाहेरचा पैसा

काम तीन वर्षे नीट चालले की मोठ्या मदतीचा विचार करता येतो. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाप्रमाणे ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला व हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र कंपनीचा पैसा घेण्यासाठी न्यासाला आयकराच्या दोन्ही नोंदण्या, सीएसआर-१ ही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी आणि कामाचा तीन वर्षांचा पूर्वेतिहास लागतो. कलेतील संशोधनासाठी बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अर्ज करता येतो. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कलावंतांना आणि अभ्यासकांना अनुदाने देते.

परदेशातील मुलांनी पाठवलेल्या पैशाबाबत फार काळजी घ्यावी. मुलगा परदेशात राहत असला तरी भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर मात्र तो आपलाच मुलगा असला तरी कायद्याने विदेशी स्रोत होतो. अशा वेळी विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही न्यासाच्या खात्यात घेऊ नये. देणगी घेतानाच नागरिकत्वाचे लेखी निवेदन घेण्याची सवय ठेवावी.

पायरी १०: पहिल्या वर्षाचे वेळापत्रक

पहिले सहा महिने नोंदणी आणि खाते यांत जातील, असे धरून चालावे. त्याच काळात विश्वस्तांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, महाविद्यालयांत आणि तालमीच्या जागी जाऊन लोकांशी बोलावे; अर्ज मागवण्याची घाई करू नये. दुसऱ्या सहामाहीत तीन कामे निवडावीत आणि भोपळ्याचा हंगाम लक्षात घेऊन कारागिरीचा पहिला हप्ता त्याआधी पोहोचेल असे पाहावे. ३१ मार्चला हिशेब मिटवून ते लेखापरीक्षकाकडे द्यावेत आणि मुदतीत धर्मादाय कार्यालयाला व आयकर खात्याला सादर करावेत. दुसऱ्या वर्षाचे नवे अर्ज मागवण्यापूर्वी चालू शिकाऊच्या नूतनीकरणाचा ठराव आधी घ्यावा, त्याचे वर्षभराचे विद्यावेतन वेगळे काढून ठेवावे, आणि जी रक्कम उरेल तेवढ्याच रकमेची जाहिरात द्यावी.